चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

पालघरास आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मुलाजवळ बिनतारी लहरींवर चालणारा खेळण्यातला ट्रक आहे. हातातील यंत्रावरची कळ फिरवावी आणि वीस पावलांवर उभ्या असलेल्या ट्रकाने निमूटपणे वळण घ्यावे, यात आता कोणास नवल वाटत नाही. पण १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहानशी होडी याच रीतीने पाण्यात फिरवून दाखविली, तेव्हा तो प्रकार पाहणाऱ्यांच्या आटोक्याबाहेरचा होता. असो. आमच्या शेजारचा ट्रक एके दिवशी जिन्यावरून गडगडत खाली आला. मोटर शाबूत, चाके शाबूत, लहरी ग्रहण करणारी पेटीही शाबूत. चुराडा झाला तो वरच्या प्लॅस्टिकच्या बॉडीचा. तशी बॉडी सुटी मिळेना, आणि नवा ट्रक मिळणार नाही असे वडिलांनी एका वाक्यात सांगितले.

मुलाचा मामा बोईसरास तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्याच्याबरोबर जाऊन मुलाने एका भंगारवाल्याच्या दुकानात अर्धा दिवस घालविला आणि एक पिशवीभर ऐवज आणला. तेलाच्या डब्याचा पत्रा, मोडक्या छत्रीच्या काड्या, सीडीची पारदर्शक डबी, आणि कोणा दुसऱ्याच्या मोडक्या खेळण्याचे दोन दिवे. घरातला एक जुना कंगवा एंजिनापुढील जाळीच्या कामी आला. तो आजीचा होता हे मागाहून कळले. पत्र्याची बॉडी दिसावयास झोकदार झाली. मात्र ट्रक वळणावर कलंडू लागला, कारण वजन उंचावर गेले होते. आणि पाच-सहा पावलांपलीकडे तो हुकूमच ऐकेना, कारण पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या तारेपर्यंत लहरी नीट पोहोचत नव्हत्या. तार बाहेर काढली, छप्पर पत्र्याऐवजी पुठ्ठ्याचे केले, तेव्हा कोठे गाडी मार्गावर आली.

हा खटाटोप पाहताना माझ्या मनात आले की, या पोराने नकळत आपल्या देशातील ट्रकाचा सारा इतिहासच गिरविला आहे. आपल्याकडे मोटारीचा सांगाडा, ज्यास रस्त्यावरचा माणूस चासी म्हणतो, तो एका ठिकाणचा आणि त्यावरची बॉडी दुसऱ्या ठिकाणची, ही रीत फार जुनी. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे परदेशातून आलेले भाग जोडून मोटारी व ट्रक उभे करण्याचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्यास त्यांचा कारखाना चालू झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराचे टाकाऊ ट्रक विक्रीस निघाले, आणि ज्या गाड्यांनी तोफगोळे वाहिले त्यांवर फळ्या ठोकून लोकांनी गवत, विटा आणि माणसेही वाहिली. सुतार आणि लोहार हेच त्या काळचे खरे मोटार-कारखानदार. चासीच्या लोखंडावर लाकडाची पट्टी ठेवावी, तीवर आडवी तुळवटे घालावीत, वाकविलेल्या सळयांनी ती आवळावीत, हौद्यास तिन्ही बाजूंनी फळ्या लावून मागे उघडता येणारा फाळका बसवावा, एवढी त्यांची विद्या. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती.

आपल्या एसटीचा आरंभही असाच झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हा बॉडी लाकडाची होती आणि बाकांवर काथ्या भरलेला होता. पहिल्या ताफ्यात तीस बेडफर्ड गाड्या होत्या. पण लवकरच शेव्हरोलेट, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड, मॉरिस अशी नाना घराण्यांची मंडळी एका दावणीस बांधली गेली. एकाचा भाग दुसऱ्यास लागत नाही अशा या गोतावळ्यात मेकॅनिकांचे काय हाल झाले असतील, याची कल्पनाच करावी! पुढे लाकडाच्या जागी पोलाद आले. पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ते गंजते. म्हणून १९६० साली ॲल्युमिनियमच्या बॉडीचा स्वीकार झाला, आणि निळा-रुपेरी रंग जाऊन एसटीस तो सुप्रसिद्ध लाल रंग चढला. तारापूर-डहाणूच्या किनाऱ्यावर ज्यांनी खिडकीचे गज वर्षा-दोन वर्षांत खाल्लेले पाहिले आहेत, त्यांस या निर्णयाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

ट्रकाचे नशीब मात्र एसटीइतके चांगले नव्हते. एसटीस दापोडीची कार्यशाळा होती. ट्रकास मालकाची ऐपत तेवढीच होती. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला. कारखान्यातून बहुधा बाहेर पडे ती नुसती चासी. पुढे एंजिनाचे झाकण, हाती चाक, बाकी सारे उघडे. ती शेकडो मैल हाकीत नेणारे ड्रायव्हर फळीच्या तात्पुरत्या बैठकीवर बसून, तोंडाभोवती फडके गुंडाळून ऊन, वारा आणि धूळ खात जात. गाव आले की सुतार केबिन चढवी. तो पहिल्याने हौद्याचा विचार करी, कारण पैसा हौदा मिळवितो. मग नक्षीचा, कारण ती मालकास मिरवावयाची. आणि ड्रायव्हराच्या पाठीचा विचार सगळ्यांत शेवटी, उरलेल्या लाकडातून. मला त्या सुतारांचा राग येत नाही. परंतु मोठ्या ट्रकांच्या केबिनीत वातानुकूलन सक्तीचे व्हावयास २०२५ साल उजाडावे लागले, हे मात्र मनास लागते. आमच्या महामार्गावरून गुजरातेकडे जाणारे हजारो ट्रक वर्षानुवर्षे वैशाखात एंजिनाची धग मांडीशी घेऊन धावले आहेत.

मुलाचे आजोबा त्याच महामार्गावर ट्रक चालवीत. पुरी झालेली गाडी नातवाने त्यांच्यापुढे चालवून दाखविली. त्यांनी ती उचलून डोळ्याजवळ धरली, कंगव्याची जाळी पाहून हसले, मागचा फाळका दोनदा उघडमीट केला. मग खिडकीतून आत पाहत म्हणाले, "सगळं झालं रे बाबा, पण डायवर बसतो कुठं?"

"आजोबा, ही बाहेरूनच चालते," मुलगा म्हणाला.

आजोबा काही बोलले नाहीत. गाडी त्याच्या हाती देऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी मी पाहिले तो केबिनीत पुठ्ठ्याचे एक बाकडे बसले होते आणि त्यावर पायपुसण्यातून उपटलेला काथ्या डिंकाने चिकटविलेला होता. माणूस अजून बसावयाचा आहे; त्या मापाचा मिळत नाही म्हणून मुलगा पुन्हा बोईसरास जाणार आहे.