संगणकीय भाषांच्या पोटात दडलेली थट्टा

संगणकाची भाषा म्हणजे काटेकोर व्याकरण आणि रुक्ष आज्ञा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एखादे विरामचिन्ह चुकले तरी जिचे काम अडते, त्या भाषेत विनोदाला जागा कुठली, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र अनेक लोकप्रिय संगणकीय भाषांच्या अंतरंगात त्यांच्या निर्मात्यांनी कोट्या, स्वाक्षऱ्या आणि गमती दडवून ठेवल्या आहेत. त्यांना 'ईस्टर एग' म्हणतात. ईस्टरच्या सणाला मुलांनी शोधून काढावीत म्हणून रंगवलेली अंडी लपवून ठेवतात, त्यावरून हे नाव रूढ झाले.

स्वाक्षरीची हौस

या प्रथेच्या मुळाशी श्रेयाची भूक आहे. अटारी कंपनी आपल्या व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांची नावे जाहीर करीत नसे. तेव्हा १९८० च्या सुमारास आलेल्या 'अॅडव्हेंचर' या खेळात वॉरन रॉबिनेट यांनी एक गुप्त दालन रचून तेथे स्वतःचे नाव कोरले. आपल्याकडे अभंगाच्या अखेरीस संतकवीची नाममुद्रा उघडपणे येते. येथे ती चोरून आणावी लागली, इतकाच फरक. विंडोजवर चालणाऱ्या 'ईएक्सई' फायलींची पहिली दोन अक्षरे आजही 'एम' आणि 'झेड' अशीच असतात. मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे होत.

जावा भाषेतील गंमतही अशीच आहे. संगणकाच्या १६ अंकी मोजणीत ० ते ९ या अंकांपुढे रोमन लिपीतील 'ए' ते 'एफ' ही अक्षरे वापरली जातात. त्यामुळे काही संख्या शब्दांसारख्या वाचता येतात. जावाच्या प्रत्येक संकलित फायलीच्या प्रारंभी असलेली ओळखसंख्या 'कॅफे बेब' अशी वाचली जाते.

पायथनचा मिश्कीलपणा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परिचित असलेली पायथन भाषा या बाबतीत सर्वांत खट्याळ म्हणावी लागेल. 'इम्पोर्ट धिस' ही आज्ञा देताच टिम पीटर्स यांनी १९९९ मध्ये लिहिलेली १९ सूत्रे पडद्यावर उमटतात. आज्ञावली सुबोध असावी, असा त्यांचा एकूण आशय. मात्र ज्या फायलीत ही सूत्रे आहेत, ती मुद्दाम अक्षरांची अदलाबदल करून दुर्बोध केलेली आहे! 'इम्पोर्ट अँटिग्रॅव्हिटी' म्हटले की इंटरनेटवरील एक व्यंगचित्र उघडते. या भाषेत महिरपी कंसांऐवजी समासातील मोकळ्या जागेने ओळींचे गट पाडतात. 'भविष्यात कंस आणा' अशी आज्ञा दिल्यास 'शक्यच नाही' या अर्थाचे उत्तर मिळते.

थट्टेची मर्यादा

कोकणात शिमग्याची थट्टा शिमग्यापुरती असते. ती भलत्या घरी, भलत्या वेळी केली तर भांडण होते. २५ डिसेंबर २०१८ रोजी नेमके हेच घडले. संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'अँट डिझाइन' या चिनी संचात नाताळची गंमत आधीच दडवलेली होती. त्या दिवशी अनेक संकेतस्थळांवरील बटणांवर अचानक बर्फ साचला. त्या संकेतस्थळांच्या चालकांना याची कल्पनाच नव्हती. स्वाभाविकच संताप उसळला आणि गंमत तातडीने काढावी लागली. पीएचपी भाषेतही संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे विशिष्ट अक्षरे जोडली की बोधचिन्ह दिसे, आणि १ एप्रिलला त्याजागी भलतेच चित्र येई. मात्र हे संकेतस्थळ कोणत्या भाषेत, कोणत्या आवृत्तीवर चालते, याचा सुगावा त्यातून हल्लेखोरांनाही लागू शकत असे. २०१३ च्या ५.५ आवृत्तीत ही सोय वगळण्यात आली.

न्हावाशेवाचा धडा

विनोद दडवता येतो तेथे घातही दडवता येतो, याचा प्रत्यय रायगडच्या किनाऱ्याने घेतला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून 'नॉटपेट्या' ही विध्वंसक आज्ञावली पसरली. मर्स्क या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा तिने कोलमडून टाकली. परिणामी उरण तालुक्यातील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंटेनर हलवणाऱ्या येथील कोणीही ते युक्रेनी सॉफ्टवेअर पाहिलेले असण्याचे कारण नव्हते.

मग निरुपद्रवी थट्टा ओळखावी कशी? पायथनची मूळ संहिता कोणालाही वाचण्यास खुली आहे. तेथील विनोद सहकाऱ्यांच्या संमतीने ठेवला जातो आणि वापरणाऱ्याने आज्ञा दिल्याखेरीज तो जागा होत नाही. अर्थात संहिता वाचणे हाही परिपूर्ण उपाय नव्हे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्कारानिमित्त दिलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात हे दाखवून दिले. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच चोरवाट पेरली, तर निर्दोष संहितेतूनही सदोष आज्ञावली तयार होते. शेवटी विश्वास ठेवायचा तो ओळींवर नव्हे, तर त्या लिहिणाऱ्यांवर, हा त्यांचा निष्कर्ष होता. बँकेपासून बंदरापर्यंत सारे व्यवहार इतरांनी लिहिलेल्या ओळींवर चालत असताना, त्या ओळी कोण लिहितो आणि कोण तपासतो, हा प्रश्न विचारणे आपल्याही हिताचे आहे.