हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीतील स्त्री-पुरुष भेद

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक विकार आहे. यात उच्च रक्तदाब किंवा झडपेचा आजार यांसारखे कारण नसतानाही डाव्या निलयाची भिंत, विशेषतः दोन निलयांमधील पडदा, जाड होतो. या विकाराचे निदान, उपचार आणि परिणाम यांबाबत स्त्रिया व पुरुष यांच्यात लक्षणीय फरक आढळतो.

आनुवंशिकता व प्रमाण

सुमारे ५०० प्रौढ व्यक्तींमागे एकाला हा विकार असतो, असा प्रचलित अंदाज आहे. स्नायूंच्या आकुंचनाशी संबंधित प्रथिनांच्या जनुकांतील बदल हे त्याचे प्रमुख कारण होय. ही जनुके लिंग-गुणसूत्रांवर नसल्यामुळे बाधित पालकाकडून मुलगा किंवा मुलगी यांच्याकडे सदोष जनुक जाण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५० टक्के असते. तरीही रुग्णालयांतील अभ्यासांत पुरुषांची संख्या अधिक दिसते. इटली व अमेरिकेतील ९६९ रुग्णांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५९ टक्के रुग्ण पुरुष होते.

निदानातील विलंब

स्त्रियांमध्ये निदान उशिरा होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ३,६७३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) प्रथम तपासणीच्या वेळी स्त्रियांचे सरासरी वय ५९, तर पुरुषांचे ५२ वर्षे होते. याची काही कारणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात :

- प्रौढांमध्ये निदानासाठी भिंतीची जाडी १५ मिलिमीटर किंवा अधिक असावी, असा निकष आहे. तो शरीराच्या आकारमानानुसार बदलत नाही. स्त्रियांचे हृदय सरासरीने लहान असल्याने त्यांच्यात तीच जाडी तुलनेने अधिक प्रगत विकार दर्शवते.
- धाप लागणे, थकवा, छातीत दुखणे या लक्षणांचा संबंध स्त्रियांच्या बाबतीत चिंता, दमा किंवा रजोनिवृत्तीशी जोडला जाण्याची शक्यता असते.
- खेळाडूंच्या व नोकरीपूर्व तपासण्यांत पुरुषांचे प्रमाण अधिक असल्यास लक्षणे नसतानाही त्यांचा विकार उघड होतो.

लक्षणे व परिणाम

निदानाच्या वेळी स्त्रियांमध्ये लक्षणे अधिक तीव्र असतात आणि रक्त बाहेर पडण्याच्या मार्गातील अडथळाही अधिक प्रमाणात आढळतो. २००५ च्या अभ्यासात स्त्रियांमध्ये हृदयाची कार्यक्षमता घटण्याचा धोका जास्त होता, मात्र एकूण मृत्युदरात फरक नव्हता. २०१७ च्या अभ्यासात वय व इतर घटक विचारात घेऊनही स्त्रियांचा मृत्युदर काहीसा अधिक आढळला. जैविक फरकांचा वाटा किती आणि उशिरा मिळालेल्या उपचारांचा किती, हा संशोधनाचा विषय आहे.

उपचार

बीटा-रोधक व व्हेरापामिल ही औषधे दोघांनाही दिली जातात. औषधांनी आराम न पडल्यास पडद्याचा जाड भाग शस्त्रक्रियेने काढतात किंवा रक्तवाहिनीतून अल्कोहोल सोडून तो भाग निकामी करतात. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या स्त्रिया सामान्यतः वयाने मोठ्या व अधिक लक्षणग्रस्त असतात. आकस्मिक मृत्यूचा धोका असलेल्या रुग्णांच्या शरीरात डिफिब्रिलेटर बसवतात.

अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेले मावाकॅम्टेन हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून प्रजननक्षम वयातील स्त्रियांना ते देण्यापूर्वी गर्भधारणा नसल्याची खात्री करावी लागते व परिणामकारक गर्भनिरोधन आवश्यक असते.

इतर हृदयस्नायू विकार

सर्वच हृदयस्नायू विकारांत चित्र सारखे नाही. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी पुरुषांत अधिक आढळते. १९९० च्या सुमारास जपानमध्ये वर्णन झालेल्या ताकोत्सुबो विकाराचे सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया, बहुतांशी रजोनिवृत्तीनंतरच्या असतात. परंतु रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण पुरुषांत जास्त असते. पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतरच्या महिन्यांत उद्भवते. तिची धाप व पायांवरील सूज ही लक्षणे गरोदरपणातील नेहमीच्या त्रासासारखी वाटल्याने निदान लांबू शकते.

कौटुंबिक तपासणी

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांची हृदयालेख आणि इकोकार्डिओग्राफीद्वारे तपासणी करण्याची शिफारस केली जाते. या तपासणीत बहिणी व मुलींचाही समान समावेश झाल्यास लक्षणे तीव्र होण्यापूर्वी निदान होऊ शकते.