हुकूमशहा
हुकूमशहा : कोणाचाही अंकुश नसलेला सत्ताधीश. ‘हुकूम’ मूळ अरबी, अर्थ आज्ञा किंवा निवाडा. ‘शहा’ फारसी, म्हणजे राजा. पातशहातला ‘शहा’ हाच आणि बुद्धिबळातला ‘शह’ही. त्याचे प्राचीन फारसी रूप ‘ख्शायथिय’. संस्कृत ‘क्षत्र’ त्याच कुळातला, आणि नाशिकच्या लेण्यांतील लेखांत नहपानापुढे येणारी ‘क्षत्रप’ ही पदवीदेखील.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या इमारतींत तळमजल्यावरच्या नामफलकांवर दिसणारे ‘शहा’ आडनाव मात्र या राजाशी जोडणे चूक, आणि ही चूक वारंवार होते. ते संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’ यावरून आले; अर्थ सचोटीचा व्यापारी. मराठीतला ‘सावकार’ आणि ‘चोर की साव’मधला ‘साव’ त्याचेच भाऊबंद.