नादारी, वैयक्तिक
कर्ज फेडण्यास असमर्थ व्यक्तीला न्यायालयाकडून मिळणारे संरक्षण. पेण-रोह्यासाठी 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम असून अर्ज अलिबागच्या जिल्हा न्यायालयात होतो. (2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 2019 मध्ये फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला.) मूळ कायद्यात किमान 500 रुपयांचे देणे पुरे, आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि परवानगीविना सावकाराला दावा लावता येत नाही. गहाणदाराचा हक्क मात्र शाबूत राहतो. पेणच्या मूर्तिकाराची हत्यारे, रोह्यातील शेतकऱ्याचे राहते घर आणि औते जप्तीबाहेर असतात. न्यायालयाने विमुक्तीचा आदेश दिल्यावर जुनी देणी सुटतात. सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज सुटत नाही. जामीनदारही अडकलेलाच राहतो.