गाण्याची लढत आणि ऐकणाऱ्याचे मन

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, एक घाटावरचा आणि एक घाटाखालचा. मी घाटाखालचा. २०१२ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवारची रात्र होती. आमच्या घरी दूरदर्शन संचासमोर सात-आठ माणसे बसली होती. त्यांत माझे मामा होते. हयातभर भजनात तबला वाजवलेला माणूस. आणि शेजारचा एक तरुण होता. तो फौजेत होता आणि पोळ्याच्या सणाला महिनाभराच्या सुट्टीवर आलेला होता.

पडद्यावर ‘सुरक्षेत्र’ नावाचा कार्यक्रम चालू होता. भारत आणि पाकिस्तान यांच्यातली ही गाण्याची लढत. एका पाकिस्तानी मुलाने गाता गाता अशी एक जागा घेतली की मामांच्या तोंडून आपसूक निघून गेले, “वा! पोट्टा काय गायला बाप्पा!” आणि दुसऱ्याच क्षणी ते गप्प झाले. त्यांनी त्या फौजी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, “मामा, गानं चांगलंच हाये. मी कुठं नाही म्हनतो? पन मले टाळ्या वाजवता येत नाहीत.”

मामा म्हणाले, “अन् मले ‘वा’ म्हनल्याबिगर राहवत नाही, त्याले म्या काय करू?”

मी इतिहास शिकवतो. तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. या दोन वाक्यांत काहीतरी मोठे दडले आहे, असे मला त्या रात्री वाटले. आजच्या भाषणात त्याचाच थोडा मागोवा घ्यायचा आहे.

प्रथम त्या कार्यक्रमाविषयी. ‘सुरक्षेत्र’चे चित्रीकरण दुबईत झाले. भारताच्या संघाचे पुढारपण हिमेश रेशमिया यांच्याकडे आणि पाकिस्तानच्या संघाचे आतिफ अस्लम यांच्याकडे होते. परीक्षक म्हणून आपल्या आशा भोसले, पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशच्या रूना लैला बसल्या होत्या. तीन देश झाले खरे, पण १९४७ पूर्वी तो एकच मुलूख होता, हे ध्यानात घ्या.

कार्यक्रम सुरू होण्याआधीच महाराष्ट्रात वाद पेटला. मुंबईवरच्या २००८ सालच्या हल्ल्याला चार वर्षेही झाली नव्हती. त्या हल्ल्यात १६६ माणसे मेली. तेव्हा पाकिस्तानी गायकांबरोबर कार्यक्रम कशाला, असे म्हणत राज ठाकरे यांनी विरोध केला. आशाबाईंनी ‘अतिथी देवो भव’ या वचनाचा आधार घेतला. त्यावर, इथे देव अतिथी आहे की पैसा, अशा अर्थाचे खोचक उत्तर त्यांना मिळाले. गावोगाव पारावर याचीच चर्चा. कोणी म्हणे, कलेला सीमा नसते. कोणी म्हणे, कलेला नसेल, कलावंताला असते. गंमत अशी की दोन्ही पक्षांची माणसे रात्री कार्यक्रम मात्र पाहत होती!

आता असे पाहा, गाण्याची लढत ही काही दूरदर्शनने काढलेली नवी टूम नव्हे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड कित्येक पिढ्या रंगले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. एका बाजूच्या शाहिराने डफावर थाप मारून कूट घालायचे आणि दुसऱ्याने ते गाऊनच सोडवायचे. रात्र सरे, कोंबडा आरवे, पण सवाल-जवाब संपत नसत. उत्तर पेशवाईत होनाजी आणि सगनभाऊ यांची चढाओढ तर प्रसिद्धच आहे. होनाजी जातीने गवळी आणि सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. दोघेही मराठीत रचना करीत आणि दोघांनाही रसिक होते. सगनभाऊंच्या लावणीला मान डोलावताना तो कोणत्या धर्माचा, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येत नसे.

त्या फडात एक रीत होती. तुम्ही कलगीच्या बाजूचे असा की तुऱ्याच्या, समोरच्याने नेमका जवाब दिला तर तुमच्या तोंडून ‘वा’ निघे. त्याने तुमची बाजू बदलत नसे. घरी जाताना तुम्ही कलगीवालेच राहत होता. दाद त्या जागेला होती, त्या शब्दाला होती. उरसातल्या कव्वालीच्या मुकाबल्यालाही हेच लागू होते. आपल्या जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेला सर्व धर्मांची माणसे जातात. यात्रेतले गाणे ऐकताना कोण कोणाचा, हे विचारीत बसायला कुणाला सवड असते?

पुढे रेडिओ आला आणि फडाची जागा हवेतल्या लहरींनी घेतली. इथे एक मजेदार प्रकरण आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी, आणि मराठी माणूस. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ रजा मिळाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि थेट सिलोन लावले. त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला तेथून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला गाणी पायरीपायरीने वर चढू लागली. या आठवड्यात पहिल्या पायरीवर कोणते गाणे, यावर पैजा लागत. म्हणजे लढत आपल्या गाण्यांची, प्रक्षेपण परक्या देशातून, आणि ऐकणारे भारतात तसे सीमेपलीकडेही! अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. श्रोत्याच्या कानाला सरकारी हुकूम फार दिवस अडवू शकत नाही, हा यातला धडा. तो आमच्या आकाशवाणीनेच स्वतः शिकून घेतला, हे तिला भूषणावहच आहे.

पण देश विरुद्ध देश अशी उघड लढत मांडली ती युरोपने. १९५६ च्या मे महिन्यात, २४ तारखेला, स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी सात देशांची गाण्याची पहिली स्पर्धा झाली. तीच पुढे ‘युरोव्हिजन’ म्हणून जगभर गाजली. ते सात देश कोणते होते, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली आणि यजमान स्वित्झर्लंड. दुसरे महायुद्ध संपून अवघी अकरा वर्षे झाली होती. जर्मनीच्या फौजांनी फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग टाचेखाली घेतले होते. ज्यांच्या घरातली माणसे त्या युद्धात गेली, त्यांच्याच घरात आता जर्मन गाणे ऐकू येणार होते. नव्या दूरचित्रवाणीचे जाळे अनेक देशांत एकाच वेळी चालते का, हे पाहणे हा त्या स्पर्धेमागचा एक हेतू होता. पण देशांनी एकमेकांचे गाणे ऐकायला बसावे, हीही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या स्पर्धेने पुढच्याच वर्षी, १९५७ पासून, एक शहाणपणाचा नियम केला. कोणत्याही देशाने स्वतःच्या गाण्याला गुण द्यायचे नाहीत! आपल्या माणसासाठी हवा तेवढा जीव टाका, पण गुण मात्र दुसऱ्याला द्या. साहजिकच दुसऱ्याचे गाणे लक्ष देऊन ऐकणे भाग पडले. यानेही सगळे शुद्ध झाले असे नाही. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना सढळ हाताने गुण देतात, हे तिथले पोरसुद्धा सांगेल. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा रशियाला स्पर्धेबाहेर ठेवले गेले. त्या वर्षी तज्ज्ञ परीक्षकांनी ब्रिटनच्या गाण्याला सर्वांत अधिक गुण दिले होते, पण प्रेक्षकांनी भरभरून मते देऊन युक्रेनला जिंकवले. हे मत गाण्याला होते की दुःखाला? युरोपातही यावर दोन तट पडले. म्हणजे आमच्या ओसरीवरचा प्रश्न फक्त आमचा नव्हता.

आता पुन्हा आपल्या घराकडे वळू. आपल्या वाहिन्यांनी अशा स्पर्धांत मोबाईलवरून मत मागायला सुरुवात केली आणि ऐकणाऱ्याची भूमिकाच बदलली. २००७ च्या ‘सारेगमप चॅलेंज’मध्ये पाकिस्तानचा अमानत अली भारतीय प्रेक्षकांसमोर गात गात शेवटच्या तिघांत पोचला. तो आवडला म्हणूनच लोकांनी त्याला तिथवर नेले. त्याच वर्षी ‘इंडियन आयडॉल’च्या निकालानंतर मात्र वेगळे घडले. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग विजयी झाला, त्याच्याविषयी एका रेडिओ-निवेदकाने हिणकस उद्गार काढले आणि सिलीगुडीत दंगल उसळली. तिथे तर दोन देशही नव्हते. एकाच देशातल्या माणसांत गाण्याच्या निमित्ताने एवढी आग लागली.

माझ्या मते इथे मुळाची गोष्ट हाती लागते. दाद निराळी आणि मत निराळे. दाद क्षणाची असते, ती एका सुराला दिली जाते, आणि ती कितीही जणांना देता येते. मत मात्र एकालाच द्यावे लागते, आणि ते सबंध माणसाला, त्याच्या गावाला, त्याच्या देशाला जाऊन चिकटते. मामांनी दिली ती दाद होती. त्या फौजी मुलाच्या मनात उभे राहिले ते मत. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. पडद्यावरच्या लढतीने मात्र दोन्हींची गाठ मारून टाकली होती.

आणि त्या मुलाचे मन आपण हलके लेखू नये. कार्यक्रम चालू असतानाच, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, मुंबईच्या हल्ल्यातला अजमल कसाब याला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. आठवड्याच्या मधल्या दिवशी ही बातमी आणि शनिवारी तेच गाणे, असा तो काळ होता. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. ज्या गावाने आपल्या मुलाची तिरंग्यात गुंडाळलेली पेटी खांद्यावर घेतली, त्या गावाला ‘कलेला सीमा नसते’ हे ऐकवायला आपण कोण? दुःखाला वादात हरवता येत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९४५ साली मास्टर विनायकांनी ‘बडी माँ’ हा बोलपट काढला. त्यात नायिका नूरजहाँ होत्या आणि लहानसहान भूमिकांत लता आणि आशा या मंगेशकर भगिनी होत्या. दोन वर्षांनी फाळणी झाली, नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. त्यांच्या गाण्याचा ठसा आपल्यावर होता, हे लताबाई मोकळेपणाने सांगत. २०१२ मध्ये दुबईत परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या आशाबाई या त्या काळाच्या साक्षीदार होत्या. ‘त्यांचे गाणे’ आणि ‘आमचे गाणे’ यांचा बांध त्यांनी डोळ्यांदेखत पडताना पाहिला होता. अशा माणसाला पलीकडचा सूर परका वाटला नाही, तर त्यात नवल काय?

त्या वर्षाच्या अखेरीस स्पर्धा संपली. पाकिस्तानचा नबील शौकत अली जिंकला. आमच्या घरी त्या रात्री कोणी काही बोलले नाही. फौजी मुलगा केव्हाच आपल्या ठाण्यावर रुजू झाला होता. मामांनी संच बंद केला आणि म्हणाले, “पोरगं चांगलं गायलं. आपलं जिंकलं असतं तं अजून बरं वाटलं असतं.” मी त्यांच्या या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्यात लबाडी नाही आणि द्वेषही नाही. आपल्याची ओढ आहे आणि दुसऱ्याचा न्याय आहे. मन दुभंगलेले आहे म्हणून ते कच्चे आहे, असे मुळीच नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना जाता जाता एक सुचवतो. शाळेशाळेत समूहगीताच्या आणि भजनाच्या स्पर्धा होतात. निकाल लागला की हरलेली मुले रडतात, जिंकलेली ओरडतात आणि दोन शाळांची पोरे रस्त्यात भांडतात. तेव्हा एवढे करून पाहा. निकालापूर्वी प्रत्येक मुलाला कागदाचा एक कपटा द्या आणि दुसऱ्या शाळेच्या गाण्यातली आपल्याला आवडलेली एक जागा त्यावर लिहायला सांगा. चाल, ठेका, शब्द, काहीही. माझ्या गावच्या शाळेत आम्ही हे दोन वर्षे केले. पहिल्या वर्षी पोरांनी कोरे कागद दिले. दुसऱ्या वर्षी एका मुलीने लिहिले, “त्यांच्या ढोलकीवाल्याचा हात आमच्यापेक्षा चांगला आहे, पण पहिला नंबर आमचाच यावा.”

मी तो कागद मामांना वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “हिले तबला शिकवा.”