२६५ मधलं हरवलेलं शून्य

शिरोळमध्ये कुणालाही विचारा, "रानात ऊस कुठला?" उत्तर आकड्यात येतं. "८६०३२ हाय" नाहीतर "दोनशे पासष्ट." आजची हिस्टरी या आकड्यांची. आणि हो, शेवटी आपण कॉम्प्युटरपर्यंत जाणार आहोत, तेव्हा इयरफोन काढू नका.

आपण ऊस लावतो कांडीनं. कांडीतून तोच वाण परत येतो, जशीच्या तशी कॉपी. नवीन वाण हवा असेल तर तुऱ्यातलं बी लागतं. कोइमतूरला उसाला तुरा चांगला येतो, बी धरतं, म्हणून १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र तिथं सुरू झालं. १९१८ मध्ये तिथून 'को २०५' बाहेर पडला, गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर. 'को' म्हणजे कोइमतूर. आपल्याकडं १९३२ मध्ये पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आलं.

आता गंमत बघा. बियातून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं. हजारो रोपांतून एखादंच टिकतं, म्हणून त्याला पक्कं नाव लागतं. 'को ८६०३२' मध्ये ८६ म्हणजे १९८६ साल आणि ०३२ म्हणजे त्या वर्षीचा नंबर. त्याचे आईबाप को ६२१९८ आणि कोसी ६७१, म्हणजे त्यांच्याही नावात सालं आहेतच! १९९६ मध्ये महाराष्ट्रात त्याची 'नीरा' नावानं शिफारस झाली. आणि आपला २६५? खरं नाव 'कोएम ०२६५'. एम म्हणजे महाराष्ट्र, साल २००२, नंबर ६५. आपण साल आणि नंबर एकत्र वाचून दोनशे पासष्ट करून टाकला. मला तर हे नाव जास्त आवडतं.

पण हाच वाण २००७ मध्ये 'फुले २६५' म्हणून आला. म्हणजे एका उसाची झाली तीन नावं. त्यात एक्सेलमध्ये ०२६५ टाईप केलं की ते पुढचं शून्य गुपचूप खातं. माणसाला कळतं हा एकच ऊस आहे. कॉम्प्युटरला वाटतं, वेगवेगळे वाण आहेत.

यानं काय बिघडतं? कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या तालुक्यात पाणी जास्त झाल्यानं किती रानं क्षारपड झालीत, माहितीये ना. २६५ क्षारपडीत तग धरतो म्हणून लोक तो लावतात. पण एका केंद्रातल्या एका वर्षाच्या प्लॉटवरून असं ठरत नाही. अनेक ठिकाणच्या, अनेक वर्षांच्या चाचण्या शेजारी ठेवाव्या लागतात. प्रत्येकाची वही वेगळी, कॉलमची नावं वेगळी. कुणी 'उत्पादन' लिहितो, कुणी 'टन/हे.', कुणी 'एकरी'.

जगभरातल्या पैदासकारांचं दुखणं हेच. त्यावरचा एक उपाय म्हणजे 'ब्रॅपी'. २०१४ च्या सुमारास काम सुरू झालं, २०१९ मध्ये शोधनिबंध आला. हा डेटाबेस नाही. डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कुठल्या साच्यात द्यायचं, याचा हा ठराव आहे. सगळ्या चार्जरला एकच पिन असावी, तसं. त्यात प्रत्येक वाणाला पक्का आयडी असतो आणि टोपणनावांसाठी वेगळी जागाही. म्हणजे 'फुले २६५' आणि 'कोएम ०२६५' एकाच खात्यात नोंदवता येतात.

आता 'आर'. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी नव्वदच्या दशकात केलेली ही आकडेमोडीची भाषा. दोघांच्या नावातलं पहिलं अक्षर आर! फुकट आहे, म्हणून शेती कॉलेजची पोरंही वापरतात. 'इकार्डा' या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतून तिच्यासाठी 'क्यूबीएमएस' हे पॅकेज आलं. सर्व्हरचा पत्ता द्या, लॉगिन करा, मग पीक, प्रोग्रॅम, ट्रायल, स्टडी असं एकेक निवडत जा. शेवटी एका ओळीत पूर्ण तक्ता समोर. फाईल मागवायला फोन नको, कॉपी-पेस्ट नको. सर्व्हर ब्रॅपी बोलत असला की झालं.

फक्त एक. टोपणनावं आणि शून्यं भरणारा माणूसच असतो. चुकीचं भरलं तर ब्रॅपी ते चुकीचंच, पण अगदी नीट साच्यात आणून देईल. तेव्हा कॉलेजच्या प्लॉटचे आकडे शीटमध्ये घालत असाल, तर वाणाचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मगच ०२६५ टाईप करा.