बेअरफूट शूज म्हणजे काय? धावायला सुरुवात कशी करायची?

नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच पुढच्या भागापेक्षा साधारण 8 ते 12 मिमी उंच असते. या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. बेअरफूट शूजमध्ये ड्रॉप शून्य असतो, सोल पातळ असतो आणि बोटांना पसरायला जागा मिळते.

2010 मध्ये ‘नेचर’मध्ये डॅनियल लिबरमन यांच्या टीमचा अभ्यास आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुतेकदा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो, असं त्यात दिसलं. पण असं उतरताना पोटरीवर जास्त ताण येतो.

मी हे वाचून पहिल्याच दिवशी 5 किमी धावलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला!

म्हणून तुम्ही आधी दोन आठवडे हे शूज घालून फक्त चाला. मग नेहमीच्या रनच्या शेवटी 5 मिनिटं धावा आणि हळूहळू वेळ वाढवा. पावलं लहान टाका. रनिंग अ‍ॅपमधला ‘केडन्स’, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, थोडा वाढलेला दिसायला हवा.

पावलाच्या हाडावर दाबल्यावर दुखलं, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅपमधला स्ट्रीक तुटला तरी चालेल.